साचेखात्याची थरथर

पेल्यातला चहा हलत नव्हता. एवढीच काय ती गोष्ट, पण जगदीश भिवा तांबे ती बघून हातातली बाटली तशीच धरून उभा राहिला. आठ वर्षं तो रोज सकाळी कारखान्यातल्या याच टेबलाच्या याच कोपऱ्यावर घरून बाटलीत आणलेला चहा ओतून घेत होता, आणि आठ वर्षं त्या चहावर बारीक बारीक वर्तुळं उठत असणार. ती उठतात हे त्याला आज, ती उठली नाहीत तेव्हा, कळलं. त्याने पेल्याला बोट न लावता वाकून पाहिलं. चहात त्याचा चेहरा होता, अख्खा, नाकाडोळ्यांसकट, आणि तो हलत नव्हता. मग त्याला गरगरलं. आधाराला टेबलाची कड धरली तर ती मेलेल्या माणसाच्या हातासारखी लागली, आणि त्याने झटकन बोटं मागे घेतली. आता यात घाबरण्यासारखं काय होतं? भिंतीपलीकडची गिरणी बंद होती. सगळ्याच गिरण्या बंद होत्या. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे म्हणून त्या सोमवारी हरताळ होता, लालबागपासून परळपर्यंत एकही भोंगा वाजला नव्हता, आणि हे त्याला पहाटेपासून चांगलं ठाऊक होतं. पण डोक्याला ठाऊक असणं वेगळं आणि तळपायांना कळणं वेगळं.

सकाळी राजाराम दारात येऊन गेला होता. काळाचौकीच्या चाळीत शेजारची खोली त्याची. गिरणीच्या रिंगखात्यात, सूत काततात तिथे, कामाला, तोंडाने फाटका, मनाने उदार. "जग्या, येतोस ना रे? सगळी चाळ चाललीय फाउंटनला. बायका पण येतायत." काम आहे, असं जगदीश म्हणाला. "आज कसलं काम? आज देवाला पण सुट्टी हाय." "बुधवारी विमान जायचंय, राजा. त्याचं यंत्र द्यायचंय." त्यावर राजाराम मागे वळून अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल असा ओरडला, "ऐका रे! आमच्या जग्याशिवाय विमान उडत नाय!" चेष्टाच होती ती, पण चेष्टेच्या तळाशी अभिमानही होता, आणि तोच जगदीशला जास्त बोचला. बकुळाने, त्याच्या बायकोने, काही वाद घातला नाही. पदर खोचत ती म्हणाली, "तुमी नाय तर मी जाते. घरातलं कुणीतरी पायजे की नको?" ती बायकांच्या घोळक्यात मिसळून जिना उतरली तेव्हा जगदीशला आधी हायसं वाटलं आणि मग लाज वाटली. या क्रमाने वाटलं, हे त्याच्या लक्षात राहिलं.

कारखाना म्हणजे चिंचपोकळी स्टेशनच्या अंगाला एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. मालकाची केबिन, तिला कुलूप. तिच्यात फोन, त्यालाही वेगळं कुलूप. पलीकडची लांबट खोली जगदीशची. जुहूच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या लहान विमानांची यंत्रं इथे दुरुस्तीला यायची, आणि त्यांतलं सगळ्यात नाजूक म्हणजे ऑटोपायलट. वैमानिकाने हात काढून घेतला तरी विमान सरळ नेणारं यंत्र. त्याच्या पोटात एक भोवरा असतो, हवेच्या झोतावर फिरणारा, आणि तो एकमेकींत बसवलेल्या दोन कड्यांमध्ये असा तोललेला असतो की विमान कितीही कललं तरी भोवऱ्याने कलू नये. विमान आणि भोवरा यांच्यात पडलेला फरक यंत्राला जाणवतो आणि ते सुकाणू फिरवतं. सगळी भिस्त त्या कड्यांवर. त्यांनी कुठेही अडता कामा नये, केसभरही नाही. लढाईच्या काळात हवाई दलाच्या डेपोत जगदीश हे काम शिकला. तिथलं चाचणीचं टेबल जमिनीत खोल पुरलेल्या दगडी खांबावर होतं, आणि गोऱ्या सार्जंटने त्याचं कारण सांगितलं होतं की जमीन हलते. विशीतला जगदीश मनात हसला होता. जमीन कशी हलेल? वेडाच आहे. पुढे या मालकाने त्याला विचारलं, टेबल कुठे बसवू, तेव्हा त्याने हीच जागा दाखवली, भिंतीलगतची. हात सपाट टेकवून पाहिलं आणि म्हणाला, इथे घट्ट आहे. यंत्र कलवून पाहायची डोलती चौकट तळाशी बोल्टांनी जखडली, हवेचा पंप भिंतीत रबरावर बसवला. भिंतीच्या पलीकडे गिरणीचं साचेखातं होतं, शेकडो माग तिन्ही पाळ्यांत खडखडत होते, आणि जगदीशचा हात म्हणाला, घट्ट आहे. दुसऱ्या गावचा माणूस असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, अहो, ही जमीन थरथरतेय. पण जगदीशचा जन्मच या थरथरीत झालेला, आणि गिरणीच्या सुट्टीला कारखान्यालाही सुट्टी. त्याच्या लेखी तिलाच स्थिर म्हणायचं.

हे सगळं त्याने एका दमात जुळवलं नाही. त्याच्या मनाला ते नकोच होतं. चहा तसाच टाकून तो खिडकीशी गेला, बंद दुकानांकडे बघत राहिला. असले असले आवाज ऐकू येत होते की अंगावर काटा यावा. कौलावरच्या कबुतरांची नखं. तिसऱ्या इमारतीत कुणीतरी खोकलं. स्वतःच्या नाकातून जाणारी हवा. शनिवारी तर त्याने यंत्र ठीक आहे म्हणून सही केली होती. शुक्रवारी, शनिवारी, तीन तीनदा भोवरा फिरवून, चौकट कलवून, काटा बघून, मग. आणि तरी गुरुवार त्याच्या डोक्यातून जात नव्हता.

गुरुवारी तो स्वतः विमानात बसून वर गेला होता. ज्याने यंत्र जुळवलं त्याने चाचणीला शेजारी बसायचं, हा वैमानिक हेरंब विजयकरांचा दंडक. विजयकर म्हणजे गिरगावातलं जुनं प्रभू घराणं. आजोबांच्या दारात घोडागाडी होती, नातवाच्या हाती एका कंपनीचं दोन इंजिनांचं छोटं विमान. आजोबांचा गाडीवान नाना म्हणे गाडीवर बसल्या बसल्या झोपायचा आणि घोडा सगळ्यांना बरोबर घरी आणायचा, म्हणून हेरंबने ऑटोपायलटचं नाव नाना ठेवलं होतं. वास्तविक नाव घोड्याचं ठेवायला हवं होतं, पण ते साहेबांना कोण सांगणार. वर्सोव्याच्या समुद्रावर चार हजार फुटांवर हेरंबने कळ ओढली, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि म्हणाला, "चला तांबे, नानाच्या हाती लगाम." समोरचं सुकाणूचं चाक आपोआप हलायला लागलं. इंचभर डावीकडे, इंचभर उजवीकडे, पुन्हा डावीकडे, जणू कुणी मांडीवर बसून ते चालवतंय. जगदीशने हे टेबलावर शेकडो वेळा पाहिलं होतं, पण तिथे वर ते बघताना त्याला कसंतरीच झालं. त्याने स्क्रू अर्धा अर्धा आटा फिरवत यंत्राचा उतावळेपणा कमी केला. जास्त ताणलं की पंख डुलायचे, सैल सोडलं की नाक भरकटायचं. मधली जागा सापडेपर्यंत हेरंब पायाखालचं पॅडल दाबून विमानाचं नाक मुद्दाम बाजूला ढकलायचा आणि ते परत कसं येतं ते बघायचा. शेवटी ते एकदाच परत आलं आणि थांबलं. "वा," हेरंब म्हणाला, "नाना सुधारला." मग उतरायला म्हणून त्याने इंजिनं मंद केली. आवाज खाली गेला. अंगातली सगळी थरथर गेली. आणि चाक थांबलं.

किती छान वाटलं होतं तेव्हा. कानांना, पोटाला, बैठकीला, सगळ्या अंगाला कळत होतं की विमान अगदी सरळ चाललंय. फक्त उजव्या खिडकीत समुद्र वर चढत होता. सावकाश, घाई न करता. मच्छीमारांच्या होड्या भिंतीवर टांगल्यासारख्या दिसायला लागल्या, आणि जगदीशला ते दिसत होतं, पण पटत नव्हतं, कारण तो तर सरळ बसला होता. हेरंबही सरळ बसला होता, मांड्यांवर हात ठेवून, ओठांवर हसू. एकाच वेळी डोळे एक सांगत होते आणि अंग दुसरं, आणि खरं म्हणजे त्याला अंगाचंच ऐकावंसं वाटत होतं. मग डुलकीतून दचकून उठावं तसं चाक एकदम फिरलं, पंख हिसक्यासरशी वर आला, हेरंबचं डोकं चौकटीवर आपटलं. तो हसलाच. "पेंगला की हो तुमचा नाना!" खाली उतरल्यावर मात्र गंभीरपणे म्हणाला, "तांबे, टेबलावर परत एकदा बघा. तुमची सही झाली की मी काही विचारणार नाही. बुधवारी लतिकाला घेऊन बेळगावला जातोय. पहाटेचं घाटावर धुकं असतं. उतरताना नाना सांभाळेल, मी नकाशा बघेन." लतिका हेरंबची बायको. एकदा धावपट्टीवर तिने जगदीशला आपल्या डब्यातली चिंबोरीची वडी दिली होती, स्वतःच्या हाताने, त्याच्या हातावर, आणि त्याचं आडनाव विचारलं नव्हतं.

धुक्यात समुद्र नसतो. खिडकीत काहीच चढत नाही. दोघं आपली सरळ बसलेली असणार, छान वाटत असणार.

त्याने पंप सुरू केला. पंप रबरावर बसवलेला, त्याची थरथर टेबलापर्यंत पोचत नसे. हे मात्र त्याने त्या काळी मोठ्या काळजीने केलं होतं. भोवऱ्याने वेग घेतला, बारीक गुणगुण खोलीभर पसरली. चौकट हळूच पाच अंश कलवली. फरक दाखवणारा काटा हलायला हवा होता, तो हलला नाही. भोवरा चौकटीबरोबर कलला होता, मुकाट्याने, कड्या एकमेकींना धरून बसल्या होत्या. सात अंशांना काटा एकदम उडाला आणि पलीकडे जाऊन आदळला. जगदीशने पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग त्याने चौकट कललेली असताना यंत्राच्या पाठीवर नखाने टक् केलं, आणि काटा निमूटपणे आपल्या जागी आला. तो स्टुलावर बसला. म्हणजे आठ वर्षं कुणीतरी पलीकडून टक् टक् करत होतं, दिवसरात्र, आणि तो म्हणत होता, माझा हात चांगला आहे. सदतीस यंत्रांवर त्याची सही होती. आखीव, जपून केलेली, ज. भि. तांबे. त्यातलं बापाच्या नावाचं 'भि' तो मुद्दाम ठळक काढायचा.

बाप भिवा. तीस वर्षं याच गिरणीत, तोही रिंगखात्यातच, कारण साचेखात्यात महाराला मज्जाव. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातलं सूत तुटलं की ते तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला आपलं तोंड कसं लावायचं, म्हणून विणकरांनी त्यांना कधी आत येऊच दिलं नाही. पगार साचेखात्यात जास्त. बापाला त्याचं जेवढं दुःख नव्हतं तेवढं माग बघायला न मिळाल्याचं होतं. लहानपणी एकदा डबा घेऊन गेलेल्या जगदीशला त्याने साचेखात्याच्या बाहेरच्या भिंतीशी नेलं आणि त्याचा तळहात विटांवर दाबून धरला. "कळतंय? आत माग चाललेत. आता ह्यो कोपऱ्यातला थांबला बघ." जगदीशला काहीच कळत नव्हतं, भिंत नुसती गरम होती, पण बापाचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर असं काही होतं की तो म्हणाला, हो बाबा, थांबला. बापाने ते खातं एवढंच पाहिलं, हाताने, बाहेरून. आणि लेकाने त्याच भिंतीला टेबल लावून त्याच मागांच्या हिसक्यांवर आपलं नाव केलं. जगदीशने उठून भिंतीला तळहात लावला. थंड. त्याने कानही लावला, मग गाल. पलीकडे काहीच नव्हतं. तरीही त्याला ठाम वाटायला लागलं की भिंतीच्या त्या अंगालाही कुणीतरी नेमका इथेच हात टेकवून उभं आहे आणि इकडे काय चाललंय ते ओळखू बघतंय. तो बराच वेळ तसाच राहिला, कारण आधी हात कुणी काढायचा हे ठरत नव्हतं.

मालकाच्या केबिनचं कुलूप फोडता आलं असतं, फोनचंही. हेरंबला फोन करून सांगता आलं असतं, साहेब, बुधवारी जाऊ नका, माझी सही खोटी आहे. एकच वाक्य. ते त्याने मनात म्हणून पाहिलं आणि त्याच्या मागोमाग दुसरी वाक्यं आली, त्याला नको असलेली, इतरांच्या तोंडची: तरी आम्ही म्हणत होतो, असल्यांच्या हाती विमानं दिली की हे व्हायचंच. सदतीस यंत्रं परत येतील, मालक टेबल दुसऱ्याला देईल. नाही. हे त्याचं त्यालाच निस्तरायला हवं. यंत्र उघडून आतल्या कडीची बेअरिंग काढायची, धुवायची, घासून परत बसवायची, भोवरा दोन तास फिरवायचा, बघायचा. मग बाहेरच्या कडीचं तेच. आणि प्रत्येक वेळी खालची जमीन मेलेली हवी. आज ती मेलेली होती. हा एक दिवस त्याला मिळाला होता.

त्याने काम धरलं. साडेदहाच्या सुमाराला खालून मोर्चा गेला. घोषणा लांबून आल्या, जवळ आल्या, इमारतीखाली दणाणल्या, आणि त्या हजारो पायांनी जमीन पुन्हा हलायला लागली. अडलेला काटा सुटून डुलू लागला, सगळं मोजमाप फुकट गेलं. "जा ना लवकर," जगदीश दात आवळून म्हणाला. "किती पाय आहेत तुमचे, जा ना." त्यातले काही पाय त्याच्या चाळीतले असतील, हे त्याला नंतर सुचलं. ते गेले. शांतता परत आली आणि पहिल्याहून जड वाटली. आता त्याला स्वतःच्या हाडांतली थरथर कळायला लागली. बाहेरची थांबली तरी त्याच्या आत ती चालूच होती, मनगटात, दाढांत, गुडघ्यांच्या वाट्यांत. त्याने दोन्ही कोपर टेबलावर दाबून धरले. मग वाटलं, नको, आपण टेबलाला हात लावला की टेबल हलेल. तो हात छातीशी धरून, श्वास रोखून, काट्याकडे बघायचा.

दुपारी भाकरी खाताना त्याने हिशेब केला, आणि हिशेब करतोय हे त्याला भाकरी संपल्यावर कळलं. एका यंत्राला दोन दिवस. सदतीस यंत्रांना चौऱ्याहत्तर. चौऱ्याहत्तर दिवस गिरण्या बंद राहायला हव्यात. एवढे हरताळ कोण करणार? मुंबई लवकर मिळाली तर पुढे कशासाठी करणार? भाकरीचा कण घशात अडकला आणि तो खोकत सुटला. खोकताना काटा हलला म्हणून पुन्हा चिडला. चौऱ्याहत्तर जाऊ देत, त्याने स्वतःला समजावलं, बुधवारचं एक होऊ दे. लतिकाबाईंचं होऊ दे.

चार वाजता आतली कडी सुटी झाली. पाच अंश, तीन अंश, एक अंश; काटा लोण्यात फिरावा तसा फिरत होता. असं यंत्र त्याने आयुष्यात जुळवलं नव्हतं. त्याला रडू येईल इतका आनंद झाला. डेपोतल्या दगडी खांबावरही असं जमलं नव्हतं. पण बाहेरची कडी अजून अडत होती, आणि तिचं काम रात्रीत होणारं नव्हतं. पहिली पाळी उद्या सकाळी सातला सुरू होणार, माग लागणार, टेबल जिवंत होणार आणि पुन्हा खोटं बोलायला लागणार. अजून एक दिवस. फक्त एक. तो कुणाकडे मागावा हे त्याला माहीत नव्हतं. देवावर त्याचा विश्वास उरला नव्हता. त्याने तो नुसता मागितला, खोलीकडे, भिंतीकडे तोंड करून, अगदी मनापासून. त्या मागण्याची मग त्याला भीती वाटली, पण त्याने ते मागे घेतलं नाही.

उन्हं कलली होती तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. अनवाणी होती. त्याने आधी काट्याकडे पाहिलं, पावलांनी तो हलतोय का म्हणून, आणि मग दाराकडे. बकुळा होती. डोक्यावरून पदर गेलेला, केस सुटलेले, आणि पोलक्याच्या बाहीपासून कमरेपर्यंत काहीतरी काळपट वाळलेलं.

"माझं नाय ते," त्याची नजर बघून ती म्हणाली. आवाज बसला होता. दाराच्या चौकटीला धरून ती तिथेच खाली बसली. "गोळ्या झाडल्या फाउंटनला. आमी मागं होतो. राजारामभावजी पुढं होते." ती थांबली. "माझ्या मांडीवर डोकं होतं त्यांचं. पाणी मागत होते. पाणी कुठून आणू मी तिथं?"

जगदीश स्टुलावरून उठला नाही. त्याला सगळं ऐकू येत होतं, एकेक शब्द, इतकं स्पष्ट की आजवर त्याने कुणाचं बोलणं असं ऐकलं नव्हतं. राजाराम. गॅलरीत ओरडणारा राजाराम. छातीत कुठेतरी काहीतरी फुटायला हवं होतं आणि ते फुटत नव्हतं, अडून बसलं होतं.

"चाळीत चूल पेटली नाय कुणाची," बकुळा म्हणाली. "रिंगखात्याची माणसं आली होती सांगायला. उद्या पण बंद म्हणाले. सगळ्या गिरण्या बंद."

"बरं झालं," जगदीश म्हणाला.

त्याने ते म्हटलं नव्हतं, त्याच्या तोंडाने म्हटलं होतं, आणि ते त्याच्याच आवाजात होतं. त्याला ते हवेतच धरून परत घ्यावंसं वाटलं. बकुळा पदराच्या टोकाने हातावरचं वाळलेलं पुसत होती, ते पुसणं थांबलं. तिने वर पाहिलं. आधी त्याच्याकडे, मग टेबलावर गुणगुणणाऱ्या यंत्राकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, ओळख पटवून घ्यावी तसं.

"अहो, काय बरं झालं?" तिने विचारलं.

खोलीत कुठेच काही हलत नव्हतं. तिने पुन्हा विचारलं, आणि या वेळी तिने त्याला अहो म्हटलं नाही, "काय बरं झालं?"